हिराचं हळदीचं गाणं

"हिरे, तू गा," जमना म्हणाली. "पुतणीच्या हळदीला घरातलीच गानारीन गप बसली, तं लोक काय समजतील?"

हिरा सासूकडे पाहत राहिली. लोक काय समजतील, हे दोघींनाही ठाऊक होतं. कार्तिकातल्या वादळात हिराच्या नवऱ्याची, नामदेवची होडी मुरब्याला परतली नव्हती. तारापूरच्या प्रकल्पावर कामाला असलेला दीर रजा काढून सातपाटीपासून डहाणूपर्यंत विचारत फिरला. प्रेत मिळालं नाही, म्हणून हिराचं कुंकू राहिलं. जमनानं ते पुसू दिलं नाही. आणि हळदीला गायचं ते सवाशिणीनंच.

"आई, मला जमायचं नाय."

"तू नाय गायलीस, तं माझा पोरगा मेला असं होईल."

संध्याकाळी मांडवात बायका जमल्या. नवरीची आई, म्हणजे हिराची थोरली जाऊ चंद्रकांता, हळदीची वाटी घेऊन थांबली होती. हिरानं गाणं धरलं. गावातल्या प्रत्येक लग्नात ती ते गात आली होती. उशिरा येणाऱ्या नवऱ्याची थट्टा करणारं गाणं. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या.

"मांडव सजला, दिवं लागलं,
नवऱ्या, तुझी होरी कोनी अडवली?"

यावर सगळ्यांनी म्हणायचं, "वाऱ्यानं बाई, वाऱ्यानं." वारा फिरला की होडी येणारच, म्हणून ती थट्टा.

कोणीच म्हणालं नाही. एकीनं पदर तोंडाला लावला. हिरानं ओळ पुन्हा घेतली. शब्द तेच होते, पण त्यातली थट्टा निघून गेली होती. नुसता प्रश्न उरला होता.

"हिरे, दुसरं कायतरी गा," चंद्रकांता हळूच म्हणाली.

हिरानं मान हलवली. मग उत्तर तिनं स्वतःच गायलं, सावकाश, सूर न सोडता.

"दर्यानं बाई, दर्यानं."

हळद कालवणारे हात थांबले. हिरा उठली आणि नवरीला न शिवता मांडवाबाहेर आली. कुडाच्या कडेला विधवा बायका चटईवर बसल्या होत्या. जमना त्यांच्यातच होती. हिरा तिच्यासमोर उभी राहिली.

जमनानं वर पाहिलं नाही. बराच वेळ ती वाळूत बोट फिरवत राहिली. मग थोडी सरकली, आणि चटईवर एकीला बसण्यापुरती जागा झाली.