माझी पानं मोजा

मी स्कॉटलंडच्या ओल्या माळावरचं बुटकं झुडूप, हीथ बोलतेय. घोट्यापेक्षा थोडी उंच, मुळाशी बारा महिने काळं पाणी. माझ्या बहिणींची फुलं गुलाबी. माझी, कशी कोण जाणे, पांढरी निघाली.

वरच्या कोरड्या उतारावर माझी चुलत बहीण राहते, हेदर. तिचं नाव निघालं तरी माझ्या पानापानाला झोंबतं. ऑगस्टमध्ये ती फुलली, की तिच्या मधासाठी मधमाश्यांच्या पेट्या वर चढवतात. बिस्किटांच्या डब्यांवर चित्र तिचं. तिच्यात क्वचित एखादी पांढरी निघाली, की ती नवरीच्या हातात हवीच. शुभ असते म्हणे. पांढरी तर मीही आहे! पण माझ्याजवळून जाताना माणसं बुटांत शिरलेल्या पाण्याला शिव्या देतात, एवढंच.

एका जुलैत शीना आली. दुसऱ्या दिवशी तिचं लग्न होतं. माझी डहाळी खुडून ती ओरडलीच, "मावशी, सापडली! पांढरी हेदर! आईच्या लग्नातली होती ना, तश्शी!" तिची आई दोन वर्षांपूर्वी गेली होती.

एक दिवस बहिणीच्या नावानं मिरवले, तर काय बिघडलं?

पण मागून मार्सली मावशी आली, गळ्यात भिंग. तिनं चिखलात गुडघे टेकले. "एका जागी चार पानं, फुलीसारखी. वर चिकट लव. ही हेदर नव्हे गं. तिची पानं खवल्यांसारखी दांड्याला चिकटलेली असतात. ही फुलीपानी हीथ."

"आजच शहाणपणा सुचला तुला?" शीना उसळली. तिनं डहाळी फेकायला हात उचलला. मी मनात हेदरचा उद्धार केला.

"थांब. तुझ्या आईचं लग्न जूनमधलं. जूनमध्ये हेदर फुलते कुठे?"

आईच्या लग्नातली वाळलेली डहाळी शीनानं ताडून बघायला वहीत घालून आणलीच होती. तिच्यावर भिंग धरून शीनानं स्वतः मोजलं. एक, दोन, तीन, चार. रडता रडता ती हसली. "म्हणजे इतकी वर्षं आम्ही हिलाच हेदर म्हणत होतो?"

"तुझी आई माझं ऐकायची का कधी!"

वहीत डहाळीखाली आईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'पांढरी हेदर'. शीनानं पेन काढलं. आईनं लिहिलेलं तिनं खोडलं नाही. खाली बारीक अक्षरात माझं नाव लिहिलं.

मी दुसऱ्या दिवशी नवरीच्या हातात गेले. तरी ऑगस्टमध्ये पेट्या माझ्या अंगावरून वर चढल्या, तेव्हा जळलेच. खोटं कशाला बोलू? म्हणून सांगते, इकडे आलात तर जरा गुडघे भिजवा. पानं मोजा. चार भरली, तर वरच्या उताराकडे बघू नका. हाक मला मारा.