आमारोच्या तिसऱ्यांची चरबी

१.१

सोसायटीच्या फळ्यावर आमारोच्या नावासमोर हा आकडा लागला, आणि ओहोटी धरायला निघालेलं गाव दाताळी खांद्यावर टाकून फळ्यापाशीच थांबलं.

सोसायटीच्या तपासनीस साबेलानं खाडीच्या वाळूतल्या प्रत्येक वाफ्यातले शिंपले, म्हणजेच तिसऱ्या, प्रयोगशाळेत नेऊन शंभर ग्रॅम मांसात चरबी किती ग्रॅम ते मोजलं होतं. एल्विराच्या नावासमोर २.१. सगळ्यात वर. आमारोच्या खाली फक्त खिळा होता.

"आमारो, स्वतःच्या पोटात दोन्ही हातांनी घालतोस, वाफ्यालाही एक घास टाक की!"

"पोट बघ ना त्याचं. तिसऱ्यांची चरबी गेली कुठे, हे सांगायला प्रयोगशाळा कशाला हवी?"

आमारो हसला. हसण्यावाचून इलाज नव्हता. आरोसाच्या खाडीकाठी एखाद्याला आळशी म्हणा, दारुडा म्हणा, तो वर तुम्हालाच एक पेला पाजेल. त्याच्या तिसऱ्या रोड आहेत म्हणालात, तर तुमच्या नातवंडांशीही त्याची नातवंडं बोलणार नाहीत.

आणि मे महिन्यात पोरीचं लग्न.

आणि लग्नात पहिलं ताट तिसऱ्यांचं.

आणि त्या नवरीच्या बापाच्याच वाफ्यातल्या. आमारोच्या आज्यानं वाढल्या, बापानं वाढल्या. आता इरियाच्या लग्नात वाढायची पाळी त्याची. नवरा मुलगा ब्राइस, म्हणजे शेजारच्या वाफ्यावरच्या एल्विराचाच. दोन्ही वाफ्यांच्या मध्ये नुसती खुंटांची एक ओळ.

दारातून

"बसत नाही. एवढंच सांगायला आले, तिसऱ्या माझ्याकडून."

"एल्विरा, तो मान नवरीच्या बापाचा."

"मान तुझा, पण पाहुणे माझे. माझी बहीण विगो शहरातून येतेय. तिच्यापुढे काय खारट पाणी भरलेले शिंपले ठेवू?"

"पाणी? माझ्या तिसऱ्यांत पाणी?"

"मी नाही म्हणत. फळा म्हणतोय."

ती गेली. आतून इरिया म्हणाली, "बाबा, सोडून द्या ना. कुणाच्या का असेनात, लसूण तर तीच पडणार."

आमारोनं पोरीकडे असं पाहिलं, जणू ती म्हणाली होती, बाप कुणी का असेना.

कड

"माझा नमुना घेतलास कुठून?" दुसऱ्या दिवशी त्यानं साबेलाला गाठलं.

"तुमच्याच खुंटांच्या आतून, आमारोकाका. पूर्वेची कड."

आमारोनं आधी आसपास एल्विरा नाही ना, ते पाहिलं.

पूर्वेची कड त्याची नव्हती. एल्विराची होती. दर हिवाळ्यात वादळं येऊन गेली की सगळे आपापले खुंट नीट करायला उतरत, तेव्हा आमारो आपला खुंट वीतभर पूर्वेला ठोकायचा. कुणी विचारलंच तर समुद्राचं नाव सांगायला समुद्र होताच. वीत वीत करत आता त्या पट्टीत हातपाय पसरून झोपता आलं असतं.

म्हणजे बोललो तर चोर. गप्प बसलो तर रोड.

त्यानं पेलाभर वाइन संपेपर्यंत विचार केला.

चोर परवडला.

सभा

"त्या तिसऱ्या माझ्या नाहीत!" आमारो बाकावर चढला होता आणि हात छातीवर होता. "एल्विराच्या आहेत! मी तिची वाळू चोरलीय! वर्षानुवर्षं!"

बक्षीस मिळाल्यासारखा चेहरा.

मग मागून, फळ्यावरच्या तळातल्या मंडळींतून:

"तसा… माझा नमुनाही कडेचाच होता."

"मग?"

"ती कड माझी नाही. तुझी आहे."

"माझी? कधीपासून?"

"बाबा होते तेव्हापासून ढकलतोय आम्ही."

"छे, छे! मला नको. ठेव तुझ्याकडेच."

"घे रे, तुझीच वाळू!"

"अजिबात नाही! असल्या मरतुकड्या तिसऱ्या आमच्यात नाहीत!"

ज्या वाळूसाठी यांच्या आज्यांनी एकमेकांची डोकी फोडली होती, ती वाळू गाव आज एकमेकांच्या गळ्यात घालत होतं. साबेलानं पेनाचं टोपण लावून टाकलं.

तेवढ्यात एल्विरा बाकावरून उठली.

"खुंट सरकतोय हे मला दिसत नव्हतं होय रे?" ती म्हणाली. "पोरांचं जमत होतं म्हणून गप्प बसले. वाळू चोरलीस, ते चाललं. पण माझ्या वाळूत रोड तिसऱ्या होतात म्हणालास, हे नाही चालायचं. साबेला, आता याच्या वाफ्याच्या मधोमध खणायचं. माझ्यादेखत."

"खणा!" आमारो गरजला. "खुशाल खणा!"

०.६

हा मधोमधचा आकडा.

आमारोनं वाफ्यावर उभ्या उभ्या कागद उलटा धरून पाहिला. तसाही बरा दिसेना.

"काका, मध्ये इतक्या कोंबल्यात तुम्ही," साबेला म्हणाली, "की एकीनं तोंड उघडलं तर दुसरीला लागतं. भरतीचं पाणी जे सूक्ष्म शेवाळ आणतं, तेच त्यांचं जेवण. त्यातूनच त्यांच्यात ती चांगली चरबी, ते ओमेगा-३ वगैरे जमतं. दहाजणींच्या ताटात शंभर बसवल्यात. जमणार काय? कडेच्या त्यामानानं सुखात आहेत. तिथे विरळ पेरल्यात."

"हो का?" एल्विरा म्हणाली. "तिथे का रे विरळ?"

आमारोनं बुटाच्या टोकानं वाळू उकरली.

"भीतीनं. तिथे जास्त वेळ वाकलो तर तुला दिसेन. म्हणून चार मुठी पिल्लं टाकायचो आणि पळायचो."

आता तो चोरही होता आणि रोडही. डोक्यावरची टोपी काढून त्यानं हातात घेतली. "तूच वाढ तिसऱ्या, एल्विरा. मी पावाचं बघतो."

एल्विरानं पट्टीतली एक तिसरी उचलली, सुरीनं उघडली, तशीच कच्ची तोंडात टाकली. सावकाश चावली.

"साबेला, अजून हिवाळाच आहे. या मेपर्यंत भरतील?"

"या भरतील. मधल्यांची खात्री नाही."

"मग पंगतीला या आण," ती आमारोला म्हणाली.

"पण ही तर तुझी पट्टी."

"वाळू माझी. पेरल्यास तू."

"चोरून."

"चोरून का होईना, जन्मात एकदा तरी नीट पेरल्यास."

मे

झाकण उचललं. लसूण, वाइन, वाफ. शिंपा सताड उघड्या, आणि आत मांस असं टपोरं की शिंपल्यात मावेना. विगोच्या बहिणीनं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, मग इरियाच्या ताटातली खाल्ली.

"कुणाच्या गं एवढ्या भरलेल्या?"

या प्रश्नाची आमारो गेले तीन महिने वाट बघत होता, आणि नेमकं आता त्याचं तोंड भरलेलं. तो घाईघाईनं गिळायला लागला.

"आमच्या व्याह्यांच्या," एल्विरा म्हणाली. "चोरट्या हाताला चव असते बाई."

आमारोला राग यायला हवा होता. पण रश्श्यात बुडवलेला पाव ठिबकायला लागला होता. आधी तो खाणं भाग होतं.