चार मोजेपर्यंत

चावीबाईने अकरा चाव्यांचा जुडगा कोटाच्या खिशात टाकला, खिशाचं बटण लावलं आणि मॅनेजरचा पुढे आलेला हात तसाच हवेत राहू दिला.

"चाव्या द्या, बाई."

"आधी आवाज ऐका. मग मागा."

"काल सगळं सांगून झालंय ना?"

"तुमचं सांगून झालंय. ऐकून कुठे झालंय?"

सात वाजून गेले होते. यार्डात अकरा ट्रक थंडगार उभे होते आणि सगळे ड्रायव्हर फाटकाजवळ घोळका करून कुरकुरत होते. त्यांची कुरकुर रास्तच होती. या ट्रकांचे ब्रेक हवेवर चालत आणि रात्रभर उभ्या गाडीतली हवा उतरून जाई. म्हणून साडेपाचला चावीबाईने एकेक गाडी सुरू करायची, टाकीत हवा भरून घ्यायची आणि सातला ड्रायव्हरच्या हाती गरम गाडी द्यायची, असा शिरस्ता होता. पाच वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता. आज तिने तो मुद्दाम मोडला होता. एकाही गाडीला हात न लावता ती फाटकापाशी स्टुलावर ठिय्या देऊन बसली होती.

पण याच शिरस्त्यामुळे रात्रभर थंड झालेल्या गाडीचा पहिला आवाज तिच्याखेरीज कुणाच्याच कानावर पडत नसे. सगळा घोळ तिथेच झाला होता.

दहा दिवसांपूर्वी यार्डाच्या मेकॅनिकने, उस्तादांनी, तीन गाड्यांचं तेल आणि फिल्टर बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोन नंबरची गाडी सुरू केली, तर कुणी पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा खडखडाट. चार मोजेपर्यंत टिकला आणि बंद झाला. सात नंबरला तेच, नऊ नंबरला तेच. बाकीच्या आठ गाड्या नेहमीसारख्या गुरगुरल्या. तिने उस्तादांना सांगितलं. उस्ताद सातला आले, गरम गाडी सुरू करून पाहिली आणि म्हणाले, "काहीही नाही." तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तर कारणही सांगितलं. तिच्या घरामागे हातपंप होता. त्याचं वायसर झिजलं की पाणी खाली उतरतं आणि सकाळी दहा वेळा कोरडा दांडा मारल्याशिवाय थेंब येत नाही. या तीन गाड्यांचं तेलही रात्री असंच खाली उतरत असणार.

उस्ताद पोट धरून हसले होते. "तीस वर्षं इंजिनं उघडतोय मी, आणि ही मला हातपंप शिकवते!"

तरी ती रोज सांगत राहिली. शेवटी काल मॅनेजरने निकाल दिला. आवाज येत असेल तर तो बाईंमुळेच येतो, थंड गाडीचं अ‍ॅक्सिलरेटर दाबतात त्या. उद्यापासून चाव्या दुसऱ्याकडे, बाईंनी पूर्वीसारखा झाडू घ्यावा. आणि हे अ‍ॅक्सिलरेटरचं त्याच्या कानावर घातलं होतं खुद्द उस्तादांनी. पाच वर्षांपूर्वी झाडू खाली ठेवायला लावून ज्यांनी तिला पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसवलं होतं, "चावी फिरवायची, पायडलला स्पर्श करायचा नाही" असं बजावलं होतं, त्याच उस्तादांनी. हे तिच्या फार जिव्हारी लागलं. रात्रभर तिने उशी बदलली, कूस बदलली, पण झाडू पुन्हा हातात घ्यायचा नाही हे काही बदललं नाही.

"गाड्या निघायला उशीर होतोय," मॅनेजर घड्याळ दाखवत म्हणाला.

"पाच मिनिटं लागतील. सगळे इकडे या. उस्ताद, तुम्हीपण."

उस्ताद पुसायच्या फडक्याने आधीच स्वच्छ असलेले हात पुसत आले. चेहरा फुगलेला. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

ती आधी चार नंबरकडे गेली. ही जुन्या तेलाची गाडी. तिने चपला पायरीवर काढल्या, सीटवर चढली आणि सरळ मांडी घालून बसली. दोन्ही पाय वर. दार सताड उघडं.

"बघून घ्या. नंतर म्हणू नका पायडल दाबलं."

ड्रायव्हरांत हशा पिकला. त्यांच्यातला सगळ्यात जुना, ज्याला सगळे मामा म्हणत, तो ओरडला, "वहिनी, अशीच मांडी घालून घाट उतरून दाखवा!"

"तुम्ही उतरवता त्यापेक्षा बरा उतरवीन."

तिने चावी फिरवली. इंजिन खाकरलं आणि गुरगुरायला लागलं. खडखड नाही की काही नाही. ती उतरली, चपला हातात घेतल्या आणि अनवाणीच सात नंबरकडे चालत गेली. तिथेही तेच. मांडी, उघडं दार, चावी.

खडखडाट असा उठला की मॅनेजर दोन पावलं मागे सरला. मामाने दात आवळले. चावीबाई मोठ्याने मोजत होती.

"एक! दोन!"

"बघा," त्याच खडखडाटात उस्ताद शांतपणे म्हणाले, "कसं लोण्यासारखं चाललंय."

"तीन... चार."

आवाज थांबला. आता इंजिन खरोखरच लोण्यासारखं चालत होतं. मॅनेजर रागाने लाल झाला. उस्ताद धडधडीत खोटं बोलून हट्टाला पेटलेत असं त्याला वाटलं असावं. चावीबाईला मात्र सीटवरून त्यांचा चेहरा नीट दिसत होता. ते इंजिनाकडे पाहतच नव्हते. ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते, काय झालं ते तिथून वाचता येतंय का म्हणून.

तिच्या ध्यानात सगळं एकदम आलं. हल्ली हाक मारली तरी ते वळत नसत, त्याला ती गर्व समजत होती. बोलताना उगाच हसत, त्याला कुचेष्टा समजत होती. दहा दिवस ती त्यांना जो आवाज ऐका म्हणत होती, तो त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

तिला वाईट वाटलं. पण राग काही कमी झाला नाही. ऐकू येत नव्हतं तर गप्प बसायचं होतं, पायडलचं बालंट तिच्यावर कशाला आणायचं? एक वाक्य तिच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते बोलली असती तर चाव्या तिच्या खिशात राहिल्या असत्या आणि उस्ताद त्याच दिवशी घरी गेले असते.

मामाच्याही डोक्यात प्रकाश पडला असावा. "उस्तादांना बहुतेक..." त्याने सुरुवात केली.

"मामा, तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. तिला जिंकायचं होतं, पण ते इंजिनाच्या जोरावर. म्हाताऱ्याच्या कानांवर पाय देऊन नव्हे.

ती नऊ नंबरपाशी गेली आणि तिने स्वतः बॉनेट उघडलं. मग उस्तादांसमोर अगदी तोंडासमोर तोंड येईल अशी उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "हात ठेवा. इथे, इंजिनावर. माझ्या बोटांकडे बघा."

उस्ताद तिच्याकडे बघत राहिले. तिने डोळे वळवले नाहीत. मग त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि तळहात थंड लोखंडावर टेकवला.

"साहेब, तुम्ही पायरीवर चढा. तेलाचा लाल दिवा बघत राहा. तेल वर चढलं की तो विझतो."

मॅनेजर निमूट चढला. तिने मांडी घातली, उजव्या हाताने चावी फिरवली आणि दुसरा हात खिडकीबाहेर काढला. खडखडाट उठला. एक बोट. दोन. तीन. चौथं बोट वर जाताच आवाज थांबला आणि मॅनेजरच्या डोळ्यांदेखत लाल दिवा विझला.

तिने इंजिन बंद केलं, तरी उस्तादांनी हात काढला नाही. लोखंडातून काय वर आलं आणि कधी थांबलं, ते त्यांच्या तीस वर्षांच्या तळव्याने चोख टिपलं होतं. मग ते स्टोअरमध्ये गेले आणि दोन कोरे ऑइल फिल्टर घेऊन आले. एक निळा, नेहमीचा. एक पांढरा, यंदा नव्या ठिकाणाहून आलेला. त्यांनी निळ्याच्या भोकातून करंगळी घातली आणि आतलं रबर दाबून पाहिलं. मग पांढऱ्याचं दाबलं.

"दाबा," त्यांनी दोन्ही मॅनेजरपुढे धरले. "निळ्याचं मऊ आहे, तेल धरून ठेवतं. हे पांढऱ्याचं पुठ्ठ्यासारखं कडक. रात्रभरात सगळं तेल खाली. सकाळी इंजिन चार मोजेपर्यंत कोरडं फिरतं." ते थांबले. "हातपंपाचं वायसर गेलंय समजा."

चावीबाईने मान वळवून फाटकाकडे पाहिलं. तिला हसू आलं होतं आणि ते आत्ता कुणाला दाखवायचं नव्हतं.

"हे तुम्ही दहा दिवसांपूर्वीच ओळखायला हवं होतं, उस्ताद," मॅनेजर म्हणाला.

त्याचे ओठ उस्तादांना समोरून दिसत होते. "हो," ते म्हणाले. "हिने ओळखलं. हिचा पाय पायडलवर कधीच नव्हता, ते मी उगाच बोललो. तिन्ही फिल्टर आत्ता बदलतो. आणि सकाळी गाड्या हीच सुरू करणार. ही म्हणाली आवाज आहे, तर आवाज आहे. मला विचारायला येऊ नका."

"ते का?"

"यार्डात एकाचे तरी कान शाबूत हवेत."

मॅनेजरला तो विनोद वाटला आणि तो हसला. मामा खाली बघत बुटाने माती उकरत राहिला.

"चला, उशीर होतोय," मॅनेजर म्हणाला आणि ऑफिसकडे निघाला. चाव्यांचं नाव त्याने काढलं नाही आणि चावीबाईनेही माफीची वाट पाहिली नाही. तिने खिशाचं बटण उघडलं. निळ्या फिल्टरच्या अजून सात गाड्यांत हवा भरायची होती, आणि दोन नंबरला तर फिल्टर बदलल्याशिवाय ती हात लावणार नव्हती.

ती एक नंबरवर चढली आणि सवयीने पाय खाली सोडून बसली. चावीला हात घातला तेवढ्यात समोरच्या काचेतून उस्ताद येताना दिसले. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी बॉनेट उघडलं, वाकून तळहात इंजिनावर टेकवला आणि मान वळवून तिच्या खिडकीकडे पाहत उभे राहिले.

तिने चावी फिरवली. हिचा फिल्टर निळा होता. इंजिन एकदाच खाकरलं आणि गुरगुरू लागलं. तिने हात खिडकीबाहेर काढला आणि त्यांना नीट दिसावी अशी बंद मूठ वर धरली, एकही बोट न उघडता.