पाच बाटल्यांची फॅट

शिरूर कासारजवळच्या त्या चारा छावणीत जनावरांपेक्षा माणसंच जास्त झाली होती. दुष्काळाचं वर्ष, दूध सोसायटीने चालवलेली छावणी, आणि मधोमध मांडवात कामधेनूबाबा. त्यांच्या अंगाऱ्याची चिमूट पेंडीत टाकली की म्हशीच्या दुधाची फॅट वाढते, अशी आवई उठली होती.

"आमच्या पंगतीला भेद नाही!" बाबा गरजत. "थोरली म्हैस नाही, धाकटी म्हैस नाही! साऱ्यांना एकच प्रसाद, साऱ्यांचं एकसारखं दूध!" बाबांच्या स्वतःच्या ताटात तूप तेवढं वेगळं पडे, पण ते मोजायचं यंत्र सोसायटीकडे नव्हतं.

फॅट मोजायचं यंत्र मात्र होतं, आणि ते होतं सुंदरराव गुरुजींच्या हाती. बत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आता सोसायटीचं संकलन केंद्र सांभाळत. त्यांनी पाटीवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: अंगाऱ्याच्या पाच म्हशी, सरासरी फॅट सात, बिनअंगाऱ्याच्या पाच, सहा पूर्णांक चार. खाली सही. कुणीतरी पाटीला हार घातला, तेव्हा गुरुजी मनातून सुखावलेच होते.

आठवड्याभराने वच्छलाबाई केंद्राच्या दारात येऊन उभी राहिली. तिच्या एकुलत्या म्हशीची कास दगडी रोगाने सुजली होती, तेव्हा ती आधी गुरुजींकडेच आली होती. डॉक्टर बोलवू का अंगारा लावू, एवढंच तिने विचारलं होतं. गुरुजींनी पाटीकडे बोट दाखवलं होतं. तीन दिवस अंगारा लावून मग डॉक्टर आला आणि चारांतले दोन सड कायमचे गेले म्हणाला.

"गुरुजी, एक इचारू?" ती म्हणाली. "पैल्या धारेचं दूध पातळ निघतं, शेवटच्या धारेचं घट्ट. एका म्हशीचं एका येळचं दूध सारखं ऱ्हात न्हाई. मग बाबाच्या पाच म्हशींचं कसं काय सारखं निघतंय?"

"यंत्र खोटं बोलतं का, बाई?" गुरुजी खेकसले.

ती गेल्यावर त्यांनी वही उघडली. बाबाच्या म्हशी: सात, सात पूर्णांक एक, सात, सात, सहा पूर्णांक नऊ. बाकीच्या: पाच पूर्णांक सहा, सात पूर्णांक दोन, सहा पूर्णांक चार, पाच पूर्णांक आठ, सात. सरासरी त्यांनी काढली होती, पण आकडे तिच्याभोवती किती पसरलेत ते पाहिलंच नव्हतं. प्रत्येक आकडा सरासरीपासून किती लांब, त्याचा वर्ग, वर्गांची सरासरी, तिचं वर्गमूळ. प्रमाण विचलन! जन्मभर फळ्यावर शिकवलेलं, परीक्षेत हमखास विचारलेलं, आणि वर्गाबाहेर एकदाही न वापरलेलं गणित. बाकीच्या म्हशींचं आलं शून्य पूर्णांक त्रेसष्ट. बाबाच्या म्हशींचं शून्य पूर्णांक शून्य सहा, म्हणजे दहावा हिस्सा. एकच दूध पाचदा मोजलं तरी यंत्र एवढं इकडेतिकडे होतंच. गुरुजींचे कान तापले.

अंगाऱ्याच्या पाच म्हशींच्या दुधाच्या पाच बाटल्या रोज बाबाचा माणूस बिभीषण आणून देई. गोठ्यापर्यंत उन्हात कोण जाणार, म्हणून गुरुजी सावलीत बसून त्या तपासत.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते दुखरे गुडघे घेऊन गोठ्यात जाऊन बसले आणि प्रत्येक म्हैस पिळून झाली की चरवीतून स्वतः नमुना घेतला. पाच पूर्णांक सात, सात पूर्णांक एक, सहा पूर्णांक तीन, पाच पूर्णांक नऊ, सहा पूर्णांक आठ. अंगारा खाऊनही म्हशी म्हशीच राहिल्या होत्या. मांडवामागे एक कॅन सापडला आणि त्याच्या शेजारी मलईचं पातेलं.

"बाबानीच सांगितलंतं," बिभीषण खाली बघत पुटपुटला. "समद्यांचं दूध एकात कालवायचं, वरून मलई घालायची अन् पाच बाटल्या भरायच्या."

बाबांना तेवढ्यात दृष्टांत झाला आणि ते मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसून निघून गेले.

लोक बाबाला शिव्या घालू लागले. त्यांच्यात सूर मिसळणं गुरुजींना सोपं होतं, पण त्यांनी सगळ्यांना पाटीसमोर बोलावलं. हार काढला. जुने आकडे तळहाताने पुसले आणि दोन्हीकडचे पाच-पाच आकडे सुटे करून लिहिले.

"बाबाने एकसारखेपणाला चमत्कार म्हटलं," ते म्हणाले, "आणि चोरी त्या एकसारखेपणातच होती. जित्या जनावरांचं दूध कमीजास्त होणारच. मला हे गणित येत होतं. मी केलं नाही, आणि बाटल्या कुठून येतात तेही पाहिलं नाही. वच्छलाबाई, चूक माझी. मला माफ कर."

वच्छलाबाई पदर सावरून उभी राहिली.

"बाबाच्या पाया समदेच पडले, गुरुजी. मी बी पडले. पर त्याच्यावर माजा भरोसा नव्हता. म्या भरोसा ठेवला तुमच्या सहीवर."

गुरुजींनी खडू उचलला आणि पाटीच्या तळाशी, जिथे सही असायची तिथे लिहिलं: नुसती सरासरी सांगणाऱ्याला सगळे आकडे दाखवायला सांगा. तो मी असलो तरी.