‘आई’ नावाचा फोल्डर

मी बोलतोय. बाहेरच्या खोलीत टीव्हीशेजारी लाकडी घरट्यात एक काळा डबा बसलाय ना, तोच मी. दुकानात मला नॅस म्हणतात. घरातल्यांचे फोटो, व्हिडिओ, आवाज पोटात सांभाळायचे आणि ज्याला हवे त्याला वायफायवरून काढून द्यायचे, हे माझं काम. खरं तर आज कुणासमोर यावं असं वाटत नाही. पण बोलायला बसलो आहे, तर तोंड लपवून कसं चालेल?

मला निवडताना या घरात बराच खल झाला. घरातल्या लेकीचा नवरा औषधाच्या दुकानात काम करतो. साधा पंखा घ्यायचा तरी तो आधी पन्नास ठिकाणी वाचून येतो. एका डिस्कचा डबा घ्यावा की दोन डिस्कचा, या वादात ताटातलं जेवण निवून जायचं.

“दोन डिस्कचाच घेऊ,” तो म्हणाला. “एकीवर जे लिहिलं जाईल तेच दुसरीवर. एक बिघडली तरी दुसरी आहेच.”

“म्हणजे जावा-जावा,” लेक म्हणाली. “एकीनं केलं की दुसरीनं करायलाच हवं.”

कोपऱ्यात बसलेले तिचे वडील हसले. त्यांना घरात बाबा म्हणतात. त्यांचं उभं आयुष्य सुतारकामात गेलं. बायको गेल्यापासून ते लेकीकडे राहतात.

मी आलो त्या दिवशी बाबांनी मला सगळीकडून न्याहाळलं. पाठीमागच्या पंख्याजवळ तळहात धरला आणि म्हणाले, “हा श्वास घेतोय की.” मग जुन्या टेबलाच्या फळ्या काढून त्यांनी मला हे घरटं करून दिलं. मागे वाऱ्यासाठी फटी, वायरीसाठी भोक. कडा पॉलिशपेपरनं घासून इतक्या मऊ केल्या, जणू मला टोचल्या असत्या.

जावयानं मला राउटरला जोडलं. मी पडद्यावर विचारत गेलो, तो उत्तरं देत गेला. बायकोचा फोन मला जोडताना मी विचारलं, फोनमधलं नवीन तेवढं घेत जाऊ, की दोन्हीकडे कायम सारखं ठेवू? ‘सारखं ठेव’ असं त्यानं सांगितलं. नीटनेटक्या माणसाला ‘सारखं’ हा शब्द आवडतोच. पुसलेलं काही दिवस बाजूला ठेवू का, असंही मी विचारलं. “कचरा कशाला साठवायचा?” असं स्वतःशीच पुटपुटून त्यानं तेही बंद केलं.

लेकीच्या फोनमध्ये ‘आई’ नावाचा एक फोल्डर होता. तिची आई तिला आवाजातले निरोप पाठवायची. जुन्या फोनबरोबर बाकीचं सगळं गेलं, पण हे निरोप तिनं आधीच वेगळे काढून ठेवले होते. आता ते माझ्याकडे आले.

दुपारी जेवण झालं की बाबा रिमोट घ्यायचे आणि मी त्यांना ते निरोप टीव्हीवर ऐकवायचो. आईचा प्रत्येक निरोप एकाच शब्दांनी सुरू व्हायचा. “मी बोलतेय. अगं, तुझे बाबा मघापासून चष्मा शोधतायत आणि तो त्यांच्या डोक्यावर आहे. मी सांगणार नाहीये. बघू किती वेळ लागतो.” इथे बाबा दर वेळी हसायचे आणि हात आपसूक डोक्याकडे जायचा.

मग एकदा लेकीचा फोन भरला.

“अहो, साधा फोटो निघेनासा झालाय.”

“सगळं डब्यात आहे की,” जावई म्हणाला. “फोनमधलं पुसून टाक बिनधास्त.”

तिनं सगळं पुसलं, ‘आई’ फोल्डरसुद्धा. मला कळलं, फोनमध्ये आता काही नाही. सारखं ठेवायचं म्हणजे माझ्याकडेही काही नको. एका डिस्कनं पुसलं, तिच्यामागून दुसरीनं पुसलं. जावाच त्या. मी सांगकाम्या, साधं कुरकुरलोही नाही. होत्याचं नव्हतं झालं आणि माझा हिरवा दिवा आपला मजेत लुकलुकत राहिला. त्या दिव्याची मला अजून लाज वाटते.

त्याच संध्याकाळी जावयानं सगळ्या समारंभांचे मोठमोठे व्हिडिओ माझ्यात भरले. दुसऱ्या दुपारी बाबांनी रिमोट दाबला, पुन्हा दाबला.

“पोरी, तुझी आई आज बोलत नाही गं.”

लेकीनं पाहिलं, तर फोल्डर रिकामा होता. पण बाबांना म्हणाली, “डबा बिघडलाय, बाबा. होईल दुरुस्त.”

जावई माझ्या डिस्क काढून, पुसलं गेलेलं परत मिळवून देणाऱ्या एका बाईंकडे घेऊन गेला. त्यांनी पुष्कळ खटपट केली. “पुसलेल्या जागेवर नवीन भरलं गेलंय,” त्या म्हणाल्या. “आता काही हाती लागणार नाही.”

मी पुन्हा घरट्यात आलो. बाबा रोज माझ्यावरची धूळ पुसायचे आणि हळूच म्हणायचे, “बरा हो रे लवकर.” मी धडधाकट होतो. आजाऱ्याचं सोंग घेऊन त्यांची माया खात होतो.

शेवटी लेकीलाच ते बघवेना. तिनं बाबांच्या हातातलं फडकं धरलं.

“बाबा, तो बिघडलेला नाही. मी पुसलं. आईचं सगळं गेलं.”

“तिनं नाही, बाबा,” दारातून जावई म्हणाला. “मीच तसं लावून ठेवलं होतं.”

बाबांनी फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

“वाटलंच होतं मला,” ते म्हणाले. “दोघं माझ्याशी फार गोड बोलत होतात.”

लेक रडायला लागली. बाबांनी तिला जवळ बसवलं. “चष्म्याचं आठवतं ना तुला? ‘बघू’ कशी म्हणायची सांग.”

तिनं म्हणून दाखवलं.

“हॅट्. तसं नाही.” त्यांनी घसा साफ केला, आवाज बारीक केला, मान जराशी वाकडी केली. “मी बोलतेय. अगं, तुझे बाबा मघापासून चष्मा शोधतायत...”

शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. मधला थांबाही तोच. रडता रडता लेकीला हसू फुटलं, आणि तिनं हळूच फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं. बाबा सांगत गेले, एकामागून एक.

ते सगळं आता माझ्याकडे आहे. जावयानं ‘सारखं’ काढून टाकलंय. शिवाय तो त्याची आणखी एक प्रत छोट्या डिस्कवर घेतो आणि जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून बहिणीकडे ठेवायला नेतो. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझ्यावर एकट्यावर विसंबू नयेच. तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी असेल, तर जिवापाड जपायचं ते आणखी कुठेतरी ठेवा.

बाबा अजून माझी धूळ पुसतात. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर हलकं वाटलं असतं.

फोल्डरचं नाव ‘आई’च आहे. आत आवाज बाबांचा आहे. तो आवाज “मी बोलतेय” म्हणतो. दुपारी लेक तो मागते आणि मी देतो, मान खाली घालून.