बाबांना समजेल असं गणित

"मुलगी किती शिकलीय?" पाहुण्यांनी विचारलं.

"बी.एस्सी.," दशरथ चुरी चटकन म्हणाले.

दशरथराव डहाणूच्या तहसील कचेरीत अव्वल कारकून होते. एरवी खोटं बोलणारा माणूस नव्हे. पण त्यांच्या थोरल्या मुलीला, दीप्तीला, महिन्याभरापूर्वीच मुंबईत गणितातली डॉक्टरेट मिळाली होती. चहा घेऊन बाहेर आलेल्या दीप्तीनं वडिलांचं उत्तर ऐकलं.

ही १९९२ सालची गोष्ट. पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं, "बाबा, सहा वर्षं मी जे केलं, ते लपवण्यासारखं आहे का?"

"अगं, डॉक्टरेट म्हटलं की स्थळ हातचं जातं. आणि लोकांनी विचारलं, कशात डॉक्टरेट, तर काय सांगू? गाठींचं गणित? हसतील!"

"मी समजावते ना. पाच मिनिटं बसा माझ्याजवळ."

"आता नको. आणि उपयोग काय गं त्याचा?" असं म्हणत दशरथरावांनी चपला पायात सरकवल्या.

वाचकहो, मुलींना शिकायला आपण हौसेनं पाठवतो. त्या काय शिकल्या, हे ऐकायला मात्र आपल्याला सवड नसते.

ती पाच मिनिटं पुन्हा आलीच नाहीत. ऑगस्टमध्ये दीप्तीला कावीळ झाली. अकरा दिवस इस्पितळात काढून बाराव्या दिवशी ती गेली. वय अठ्ठावीस.

शेजारच्या धाकटी डहाणू गावची कोळीण रूपी वर्षानुवर्षं त्यांच्याकडे मासळी घेऊन येई. तेरावं झाल्यावर ती आली, पण डोक्यावर पाटी नव्हती. ओटीवर बसून ती आधी मनसोक्त रडली.

"किती हुशार पोर, भाऊ! आणि किती सोपं करून सांगायची!"

"काय सांगायची?"

"तिचं ते गाठींचं."

दशरथराव बघतच राहिले. "तुला समजलं ते?"

रूपीनं खांबाशी पडलेली सुतळी उचलली, तिला गाठ मारली आणि मग दोन्ही टोकं एकमेकांना घट्ट बांधून टाकली. "आता टोकं न सोडता, न कापता याचं साधं कडं करा."

दशरथरावांनी ओढून पाहिलं, उलटसुलट केलं. "नाही होत."

"तुम्हाला नाही जमलं. पण कुणालाच कधी जमणार नाही, हे कसं सांगाल? हजारदा करून बघाल? त्यानंतर सुटली तर? दीप्ती म्हणायची, मावशी, न सोडवताच खात्रीनं सांगता आलं पाहिजे. तशी एक रीत तिनं शोधली होती. ती रीत काही मला कळली नाही. पण पोर काय शोधत होती, ते कळलं. जाळी विणण्यात आमचा जन्म गेला, भाऊ, पण हा प्रश्न कधी मनात आला नाही!"

"मग मला का नाही..." दशरथराव हातातल्या सुतळीकडे बघत म्हणाले.

"तुमच्यासाठीच तर चाललं होतं सगळं! सुट्टीत खाडीवर येऊन माझ्याशेजारी बसायची. म्हणायची, तुला समजलं की बाबांनाही समजेल. चारदा बदलून सांगितलं तिनं. शेवटी मला उमगलं, तेव्हा टाळ्या पिटल्या पोरीनं. म्हणाली, आता बाबांना सांगते!"

"रूपी, मी ऐकलं नाही गं!" दशरथराव ओक्साबोक्शी रडू लागले.

रूपीनं त्यांची समजूत घातली नाही. "नाही ऐकलंत. पोरीला शाळेत घातलं म्हणजे आईबापांचं काम संपत नाही, भाऊ. घरात कुणी ऐकणारं नसेल, तर ती एकटी पडते. धाकटी आहे ना अजून? तिला तरी विचारा."

त्या संध्याकाळी दशरथराव अकरावीतल्या श्रुतिकाजवळ जाऊन बसले. "आज काय शिकलीस?"

ती दचकली. "मार्क अजून मिळाले नाहीत, बाबा."

"मार्क राहू देत. शिकलीस काय, ते सांग."

ती चाचरत सांगू लागली. त्यांना निम्मंच कळलं. उरलेलं त्यांनी पुन्हा विचारलं. मधेच त्यांचे डोळे भरून येत, श्रुतिका थांबे आणि ते म्हणत, "पुढे सांग, बाळा."

बंधू-भगिनींनो, तुमच्या घरातली मुलगी काही शिकत असेल, तर आजच तिच्याजवळ बसा. कळलं नाही, तर पुन्हा विचारा. त्यात कमीपणा नाही. दीप्तीनं शोधलेली ती रीत कोणती, हे दशरथरावांना आता मनापासून जाणून घ्यायचंय. आणि त्यांना समजेल असं सांगणारी एकमेव व्यक्ती आता या जगात नाही.