मागून आणलेली ताटं

आमच्या महिपतकाकांना पाहुणा म्हणजे पाहुणाच. मग तो आमच्या पोटावर पाय द्यायला आलेला का असेना.

बाबा ब्रह्मदेशच्या लढाईत पडले, तेव्हापासून ग्वाल्हेर दरबार माझ्या निर्वाहासाठी परवरिश देत होता. दरमहा पंधरा रुपये, लग्न होईपर्यंत. त्याच बळावर मी एकोणिसाव्या वर्षीही लग्नाला नाही म्हणू शकत होते आणि मास्तरीण व्हायचं शिक्षण घेत होते. आठ महिने उरले होते. एवढ्यात संस्थान मध्यभारतात विलीन झालं आणि नवं सरकार घरोघर माणूस पाठवू लागलं. गरज दिसली तर परवरिश चालू, नाहीतर बंद.

शिंदे की छावनीतल्या आमच्या दोन खोल्यांवर तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टरने नुसती नजर टाकली असती तरी पुरे होतं. पण काकांनी आदल्या दिवशी शेजारच्या इंदुताईंकडून चांदीची ताटं मागून आणली, दाल बाजारातून केशर आणलं, श्रीखंड करवलं. मी विनवलं, उद्या तरी आपण आहोत तसे दिसू या. ते म्हणाले, फौजेतल्या माणसाच्या घरून कुणी कोरडा जात नाही. असा संताप आला होता मला त्यांचा.

इन्स्पेक्टर पोटभर जेवला. जरीची पगडी घातलेले काका त्याला आग्रह करकरून वाढत होते. हात पुसून त्याने कागद काढला आणि ताटांकडे पाहिलं.

"घर तो खाता-पीता है आपका. परवरिश की ज़रूरत लगती नहीं."

काका कसनुसे हसले. गरज आहे म्हणायला त्यांची जीभ रेटेना. पेन कागदाला टेकलं, तशी मी दाराआडून बाहेर आले.

"ये थालियाँ पड़ोस की हैं, साहब. पैसे बंद हुए तो मेरी पढ़ाई बंद."

"कुमुदिनी, आत जा," काका म्हणाले.

मी हलले नाही. इन्स्पेक्टरने काकांना विचारलं, मुलगी खरं बोलतेय का. काका भिंतीवरच्या बाबांच्या तसबिरीकडे बघत राहिले. मला वाटलं, संपलं सगळं.

मग त्यांनी दोन्ही हातांनी पगडी उतरवली. परक्यासमोर त्यांना उघड्या डोक्याने मी कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांनी रिकाम्या ताटाशेजारी ठेवली.

"ये भी माँगी हुई है," ते म्हणाले. "लिख लीजिए."